नापास यंत्रांची चटणी

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमधली नारळाची चटणी एकेकाळी चांगलीच नावाजलेली होती. नागपुरात चटणी म्हटलं की आधी जवसाची नाहीतर तिळाची आठवते. ओल्या नारळाचं आम्हाला तसं कौतुक नाही. पण आमच्याकडे एकदा येऊन गेलेला पाहुणा दुसऱ्यांदा आला की खुर्चीत बसायच्या आधी विचारायचा, "ती चटणी आहे का आज?" त्याला कुणी सांगत नसे, की तो बोटं चाटत जे खातोय ते एखाद्या नापास यंत्राचं तेरावं आहे.

सांगते. मी शेतीच्या यंत्रांची परीक्षा घ्यायची. नोकरी म्हणाल तर एवढीच. कुणी नवं पेरणीयंत्र बनवलं, मळणीयंत्र बनवलं, फवारणीचा पंप बनवला, की तो आमच्या चाचणी केंद्रात यायचा. आम्ही तो पास केला तरच मंजूर यादीत नाव लागायचं, आणि यादीत नाव लागलं तरच शेतकऱ्याला आणि बचत गटाला तो योजनेतून मिळायचा. त्यामुळे लोक नवी वस्तू आली की पेढे वाटतात आणि मी नवी वस्तू आली की तिच्यात काय मोडेल ते शोधत बसायची. माझी आई म्हणायची, तुझ्या हातात सोन्याचं कंगण दिलं तरी आधी दाताखाली धरशील.

आता यंत्र घेऊन येणारा माणूस रिकाम्या हाताने कधी येत नाही. हार, कुंकू, अगरबत्ती आणि नारळ. यंत्र सुरू करायच्या आधी त्याला नारळ फोडायचाच असतो. सुरुवातीला मी फोडू दिले. मग लक्षात आलं, की एकदा नारळ फुटला की तो माणूस त्या यंत्राचा बाप होतो, आणि बापाला पोराचे दोष दिसत नाहीत. पेरणीयंत्राची एक नळी बंद पडली तरी म्हणणार, "मॅडम, आता तर नारळ फोडला न!" म्हणून मी नियम केला: नारळ चाचणीनंतर. पास झालं तर तिथेच फोडा, सगळ्यांना खोबरं वाटा. नापास झालं तर नारळ घरी न्या. पण नापास झालेला माणूस इतका रागावून निघायचा, की नारळ टेबलावरच विसरायचा. असे आठ-पंधरा दिवसांतून एक-दोन नारळ जमायचे. कॅन्टीनच्या बाई ते किसायच्या.

कुणी विचारतं, परीक्षा म्हणजे नक्की काय करता? अगदी सोपं आहे. यंत्र चालतं का, हे बघायला मी लागत नाही. ते त्याचा मालक दाखवतोच. मी बघायची ते किती वेळात किती रान काढतं, तेवढ्यात किती पेट्रोल पितं, जमिनीत किती खोल जातं, तणाबरोबर पीक किती कापतं. आणि शेवटचं, जे बहुतेक लोक विसरतात: चालवणाऱ्या माणसाचं काय होतं. यंत्र दिवसभर चालून ठणठणीत आणि माणूस संध्याकाळी आडवा, असं असेल तर ते यंत्र माझ्या दृष्टीने नापास.

माझ्या आज्याने छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली आणि तेव्हापासून आमच्या घरात एकच व्रत उरलं, अभ्यास. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. पाने आणि पक्कड ही माझी भातुकली. तरीही नोकरीला लागले तेव्हा शेतावरचे लोक माझ्याकडे बघायचे आणि माझ्या मागे साहेब कुठे आहेत ते शोधायचे. माझी उंची पाच फुटाला दोन बोटं कमी आहे. मागे साहेब असते तर दिसलेच असते.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. काटोलकडच्या एका गृहस्थाने संत्री लहान-मोठी वेगळी करणारं यंत्र बनवलं होतं. फिरतं पिंप, त्याला भोकं. लहान संत्रं लहान भोकातून पडणार, मोठं पुढे जाणार. देखणं यंत्र, रंगही संत्र्याचाच. आम्ही चाचणी कळमन्याच्या बाजारात ठेवली, म्हणजे मालाची चणचण नको. पिंप फिरलं आणि थोड्याच वेळात थांबलं. प्रत्येक भोकात एकेक संत्रं अडकून बसलेलं, जणू नंबर लावलाय. चौकशी केली तेव्हा कळलं, या गृहस्थाने घरी सगळी जुळवणी प्लास्टिकच्या चेंडूंवर केली होती. चेंडू गोल असतो. आपलं संत्रं देठाकडे मान काढून बसतं. बाजूला उभा असलेला अडत्या म्हणाला, "हे यंत्र संत्रं निवडून नाई राहिलं गा, अडवून राहिलं. असे तर माह्याकडे चार हमाल हायेत."

त्यांचा नारळ चटणीत गेला. पुढच्या बहाराला ते पुन्हा आले, पिंपाऐवजी लाटण्यासारखे रूळ लावून, आणि पास झाले. नारळ फोडताना मला म्हणाले, "मागचा एक तुमच्याकडे उधार आहे."

पण मला आज जे सांगायचं आहे ते ठवकरांच्या यंत्राबद्दल आणि बेबीताईबद्दल.

हेमराज ठवकरांचं हिंगण्याला छोटंसं वर्कशॉप. माणूस कष्टाळू, तोंडाळ आणि देवभोळा. एकाच वेळी तिन्ही. त्यांनी कपाशीच्या दोन ओळींमधलं तण काढणारं पेट्रोलचं यंत्र बनवलं होतं. पुढे इंजिन, खाली फिरणारी पाती, मागे दोन लांब दांडे. माणसाने दांडे धरून मागून चालायचं. ते दाखवायला त्यांनी एक सहा फुटी गडी आणला होता. त्याने यंत्र असं चालवलं की बघणाऱ्याला वाटावं, हा बाजारात पिशवी घेऊन निघालाय.

मी विचारलं, "ठवकर, आपल्याकडे निंदण कोण करतं?"

"बायाच करते न, मॅडम."

"मग हा कोण?"

ठवकर हसले, पण मनापासून नाही. मी सांगितलं, यंत्र जिच्या हातात जायचं आहे तिच्याच हातात देऊन बघू. अशा रीतीने ते यंत्र मौद्याच्या अलीकडच्या एका गावात गेलं. गावाचं नाव सांगत नाही, त्या बाया मला फोन करून भांडतील. वावरातून वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात, एवढं सांगते.

त्या गावात निंदणाऱ्या बायांची एक टोळी होती आणि तिची नायकीण बेबीताई मेश्राम. निंदण म्हणजे उकिडवं बसून, विळ्याने तण काढत, बसल्या बसल्या पुढे सरकत जाणं. प्रत्येकीच्या वाट्याला येणाऱ्या पट्ट्याला पात म्हणतात. सकाळी सगळ्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जमल्या की बेबीताई ओरडायची, "पात धरा वं!" आणि तिच्या त्या एका हाकेवर ओळ सुरू व्हायची. सगळ्यांच्या पुढे ती, तिच्या मागे थट्टामस्करी, कुणाच्या सासूची नक्कल, कुणाच्या नवऱ्याचा उद्धार. पण त्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरने सांगितलं, आता उकिडवं बसायचं नाही. बसलात तर उठवायला दोन माणसं लागतील.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा टोळी वावरात होती आणि बेबीताई धुऱ्यावर पाण्याचे हंडे राखत उभी होती. हाक दुसरीच कुणी तरी दिली होती. बेबीताई मला म्हणाली, "मॅडम, मले बसता येत नाई, पण चालता येते. दिवसभर चालता येते. हे यंत्र चालतचालतच लोटाचं हाय न? मंग मले काहून जमणार नाई?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरी बसली तर सून चांगली हाय, जेवाले देते. पन घरी बसून मी करू काय? टीव्हीशी भांडू?"

टोळीतल्या बायांच्या बचत गटाने यंत्रासाठी अर्ज करून ठेवला होता. यंत्र त्या हंगामात पास झालं तर गटाला मिळणार, चालवणारी बेबीताई. नाही झालं तर पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षापर्यंत टोळीला हंडे राखणाऱ्या बाईची सवय झाली असती. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. पण परीक्षा घेणाऱ्याने असं काही मनात ठेवायचं नसतं, म्हणून मी ते मनात ठेवलं आणि चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

खऱ्या चाचणीआधी यंत्रावर हात बसावा म्हणून ते गटाकडे ठेवलं. त्याच आठवड्यात मला दुसऱ्या कामाला काटोलला जावं लागलं. मागे आमचे साहेब होते. माणूस अत्यंत सज्जन, पण जन्म मुंबईचा, वाढ मुंबईची. वावरात बूट काढून जावं की घालून, याचा ते दर वेळी विचार करायचे. त्यांनी बेबीताईला फोन करून सांगितलं, "यंत्र दोन तास चालवून बघा आणि मला कळवा."

मी परत आले तर ऑफिसात पेढे. ठवकरांनी दिलेले. साहेबांचा चेहरा उजळलेला.

"मॅडम, कमाल यंत्र आहे! मी स्वतः बोललो त्या बाईंशी. विचारलं, चालवलं का? म्हणाल्या, पूर्ण दोन तास. पेट्रोल किती लागलं? म्हणाल्या, कपभरसुद्धा नाही. हात दुखले का? तर हसायला लागल्या. म्हणाल्या, साहेब, दोन तासात कोनाचे हात दुखते?"

"आणि काम किती झालं?"

"तेही विचारलं. म्हणाल्या, दोन तासाचं झालं."

मी पेढा तोंडात टाकला होता. तो तसाच राहिला. दोन तास आणि कपभर पेट्रोल? असं इंजिन जगात कुठे असतं तर ठवकर हिंगण्याला राहिले असते का? मी गाडी काढली आणि मौद्याचा रस्ता धरला. मागून ठवकरही निघाले. त्यांना वाटलं, मी सत्काराला निघालेय. जाऊन बघते तर वावराच्या तोंडाशी फुटक्या नारळाच्या कवट्या पडलेल्या. त्यांनी आदल्या दिवशीच येऊन फोडला होता.

"बेबीताई, किती वेळ चालवलं यंत्र?"

"दोन तास."

"घड्याळ कोणी बघितलं?"

"घड्याळ कायले पाह्यचं?" बेबीताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मुंबईहून आलेय. हातातली काडी उचलून तिने कपाशीच्या ओळींकडे दाखवलं. "हा एक तास, न हा दुसरा. साहेबानं सांगितलं दोन तास चालवा, आमी दोन तास चालवलं. तिसरा चालवाचा होता, पन म्हटलं नको बावा, सरकारी काम हाय, जेवढं सांगतलं तेवढंच कराव."

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. घड्याळाचा असतो तो तास, आणि वावरात या टोकापासून त्या टोकापर्यंत जी ओळ जाते तिलाही आम्ही तासच म्हणतो. सहा तास कपाशी, दोन तास तूर, असं आमच्याकडचा माणूस पेरतो. साहेबांनी मागितले होते दोन घड्याळाचे, बेबीताईने दिले दोन वावराचे. सगळं मिळून चहा उकळायला लागतो त्याहून फार वेळ गेला नसेल. आणि तेवढ्याला कपभर पेट्रोल म्हणजे यंत्र काटकसरी नव्हतंच, चांगलं खाऊन-पिऊन सुखी होतं.

मी खाली धुऱ्यावर बसले आणि हसू लागले. बायांना आधी कळेना, मग कळलं, मग त्या हसायला लागल्या. एकीने पदर तोंडात कोंबला तरी तिचं हसू थांबेना. बेबीताई सगळ्यांत मोठ्याने हसत होती. "म्हनूनच साहेब फोनवर एवढा खूश झाला होता! मले वाटलं, बिचाऱ्याले कोनी कधी फोनच करत नसन." ठवकर तेवढे हसत नव्हते. त्यांना दिसत होता तो आधीच फुटलेला नारळ.

मग त्याच दिवशी घड्याळाचा तास लावला. बेबीताईने लुगड्याचा काचा घातला, दांडे धरले. दांडे तिच्या जवळजवळ छातीला येत होते. सुरुवात झकास झाली. चार-सहा तास, म्हणजे वावराचे, तिने सहज काढले. मग तिचे खांदे वर चढू लागले. इंजिनाचा सगळा थरथराट दांड्यांतून हातात येत होता आणि दांडे उंच असल्यामुळे तिला ते लोंबकळून धरावे लागत होते. क्लचच्या मुठीपर्यंत बोटं नीट पोचत नव्हती. अर्धा तास झाला नसेल, मी शिट्टी वाजवली आणि यंत्र बंद करायला लावलं.

एका बाईने सगळ्यांना चहा दिला. बेबीताईने कप घेतला आणि तो तिच्या हातात नाचायला लागला. चहा बशीत, बशीतून लुगड्यावर. तिने दुसऱ्या हाताने पहिला हात धरला, तर दोन्ही थरथरू लागले. तिने पटकन कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, हे आज झालं. उद्या सवय होईन." मग लुगड्यावरचा चहा पुसत, "तुमी लिहू नका न हे."

खोटं कशाला सांगू? क्षणभर वाटलं, करावं पास, लागो तिच्या हाताला सवय. पण मी असे हात पाहिलेत. सवय होत नाही, बोटं बधिर होतात. मग रात्री भाकरीचं पीठ मळताना कळतं की पीठ लागतंय का पाणी, तेच समजत नाही. गुडघे गेलेल्या बाईचे मी हात घालवायचे? मी सांगितलं, "नापास."

ठवकर उसळले. "नारळ फोडून झाला, मॅडम! पेढे वाटून झाले! माझं यंत्र चालून राहिलं, अन् तुम्ही चहा सांडला म्हणून नापास करून राहिल्या?"

"हो," मी म्हटलं. "ठवकर, तुमचं यंत्र उत्तम आहे. फक्त ते तुम्ही त्या सहा फुटी माणसाच्या मापाचं शिवलंय. घालणारी ही आहे."

हे 'शिवलंय' मी सहज बोलून गेले, पण बेबीताईने तो धागा सोडला नाही. म्हणाली, "मंग आमचं माप घ्या न भाऊ! ब्लाऊज शिवाले शिंप्याले माप देतो, तसं यंत्राले देतो. येतो आमी तुमच्या दुकानात."

आणि खरोखर गेल्या! माझ्या सगळ्या नोकरीत इतका आनंदाचा दिवस दुसरा आठवत नाही. टोळी ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून, केसात फुलं माळून हिंगण्याला वर्कशॉपात. वेल्डिंग करणारी पोरं आपापली कामं सोडून भिंतीला लागली. मी हातात टेप घेतली आणि एकेकीची जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची घेऊ लागले. दांडा कोपराच्या चार बोटं खाली यायला हवा, तर खांदे सैल राहतात. मग हाताचा पंजा, क्लचसाठी. ठवकर खडूने भिंतीवर रेघा मारत होते. बायांची आपसात चढाओढ सुरू झाली.

"माहं चांगलं घ्या मॅडम, मागच्या खेपेले शिंप्यानं बाही आखूड केली होती."

"ठवकरभाऊ, दांडे लाल रंगाचे करा, मॅचिंग."

"अन् खिसा ठेवा एक. तंबाखूची डबी कुठं ठेवाव?"

ठवकरांचा राग तिसऱ्या-चौथ्या बाईपर्यंत टिकला. बेबीताईची पाळी आली तेव्हा ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, सैल ठेवा, मी अजून वाढून राहिली." तेव्हा मात्र ते असे हसले की खडू हातातून पडला. भिंतीवर खालपासून वरपर्यंत इतक्या रेघा झाल्या, की एका मापाचा दांडा सगळ्यांना पुरणार नाही, हे सांगायची गरजच उरली नाही. त्यांनी दांडा खाली-वर करता येईल असा खिळीवर बसवला. इंजिनाखाली जाड रबराच्या गाद्या घातल्या, म्हणजे थरथराट तिथेच मुरावा. क्लचची मूठ आत घेतली. आणि हो, खिसाही लावला. चटणीत जायला त्या खेपेला नारळच नव्हता, त्यामुळे कॅन्टीनच्या बाई मात्र हिरमुसल्या.

एक खंत सांगून टाकते, कारण आनंदात ती विसरली जाते. आम्ही पास केलेली पुष्कळ चांगली यंत्रं आज गावोगाव टिनाच्या शेडखाली गंजत उभी आहेत. एक पट्टा तुटला, एक बेअरिंग गेलं आणि तो पट्टा जवळपास कुठे मिळेना. सुटा भाग गावापासून किती लांब मिळतो, याला आमच्या परीक्षेत गुण नव्हते. मी सभांमधून हे बोलत राहिले. लोक माना डोलवायचे आणि चहा मागवायचे. ठवकरांकडून मात्र मी कबूल करून घेतलं, की या यंत्राचे झिजणारे सगळे भाग मौद्याच्या सायकलच्या दुकानात ठेवीन. त्यांनी ते ठेवले, आणि अजून ठेवतात.

दुसऱ्या चाचणीला निंदणाचा हंगाम सरत आला होता. यादी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. हुकलं तर वर्ष गेलं. या खेपेला साहेब स्वतः आले, बूट घालून. ठवकर आले ते पिशवी घेऊन. पिशवीत काय आहे हे तिच्या आकारावरूनच कळत होतं. मी बोट दाखवलं तशी त्यांनी ती मुकाट्याने गाडीत ठेवली. टोळी धुऱ्यावर ओळीने उभी. कुणी थट्टा करेना.

साहेबांनी मुद्दाम विचारलं, "बेबीताई, आज तास म्हणजे घड्याळाचा. समजलं ना?"

"समजलं जी. तुमचा तास."

तिने दांडा आपल्या मापावर आणला, खिळी घट्ट केली, दोरी ओढली. यंत्र सुरू झालं. मी घड्याळ हातात धरून धुऱ्यावर उभी. ती गेली, वळली, आली. पुन्हा गेली. मी घड्याळाकडे कमी आणि तिच्या खांद्यांकडे जास्त बघत होते. खांदे खालीच होते. निम्मा वेळ गेला, खांदे खालीच. वावराच्या एका तासाच्या टोकाला ती वळताना यंत्र ढेकळात अडकलं आणि ठवकर पुढे धावले. तिने हातानेच त्यांना थांबवलं, यंत्र मागे घेतलं, सोडवलं, पुढे निघाली. धुऱ्यावरून कुणीतरी सुस्कारा सोडला. बहुतेक साहेबांनी.

घड्याळात तास भरला. मी शिट्टी वाजवली आणि हात वर केले. "बेबीताई, झाला तास! थांबा!"

ती बरोबर वावराच्या मधोमध होती. तिने इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवला. "कुठं झाला? अजून अर्धा हाय!"

आणि ती थांबलीच नाही. साहेब "अहो, अहो" करत राहिले. अर्धा तास वावरात सोडून कोणती बाई बाहेर येते? ती संथ चालत टोकापर्यंत गेली, यंत्र वळवून ठेवलं, मग बंद केलं. एवढ्या मोठ्या आवाजानंतर इतकं निवांत झालं, की कपाशीवर बसलेले किडे ऐकू यायला लागले.

मी कुणाला काही बोलू दिलं नाही. चहा मागवला. काठोकाठ भरलेला कप बेबीताईच्या हातात दिला. सगळ्यांना माहीत होतं मी काय बघतेय. तिलाही माहीत होतं. तिने कप हातात घेतला, बशी बाजूला ठेवली, कप डोळ्यांसमोर धरला. चहा हलला नाही. मग ती सावकाश, एकेक घोट घेत, आम्हा सगळ्यांकडे बघत बघत तो चहा प्यायली. अख्खा. शेवटी रिकामा कप उलटा करून दाखवला, एक थेंबही जमिनीवर पडला नाही.

"पास," मी म्हटलं. एकच गिल्ला झाला. साहेब टाळ्या वाजवत वावरात उतरले, बुटांसकट. ठवकर गाडीकडे पळत गेले आणि नारळ घेऊन आले, पण फोडेनात. मागचा नारळ आठवून ते माझ्याकडे बघत थांबले.

बेबीताईने त्यांच्या हातून नारळ घेतला, माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "मॅडम, हा इथंच फोडाचा, का तुमच्या चटणीले न्याचा?"

म्हणजे चटणीची बातमी मौद्यापर्यंत पोचली होती! मी म्हटलं, "फोडा."

तिने धुऱ्याच्या दगडावर एका घावात फोडला. सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं, मला सगळ्यांत मोठा तुकडा दिला. मग हात पदराला पुसले, पुन्हा यंत्राशी गेली, दांडे धरले आणि बायांकडे वळून बघितलं. ओळींमधलं तण यंत्र काढतं, पण झाडांच्या बुडाशी उरतं ते हातानेच काढावं लागतं. वावर अजून पुष्कळ बाकी होतं आणि ऊनही कलायचं होतं. टोळी तोंडात खोबरं चघळत तिच्याकडे बघत उभी होती, वाट बघत.

"अशा काय उभ्या राहिल्या वं?" बेबीताई ओरडली. "पात धरा!"